पवनारहून पायी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या हाऊसच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. दिवाळीच्या सुट्टीआधी चार दिवसांत १०० किलोमीटर चालायचे, सहा जणांचा संघ, आणि पालकांकडून व बाजारपेठेतून जो निधी मिळेल तो शाळेजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतल्या दवाखान्याला द्यायचा, एवढेच त्यावर लिहिले होते. खाली एक ते सहा आकडे होते. रात्रीच्या प्रेपपर्यंत पाच नावे लिहून झाली. सहावी जागा रिकामी होती आणि पाचही जण माझ्याकडे बघत होते.

गेल्या वर्षीच्या २५ किलोमीटरच्या रूट मार्चमध्ये शेवटचे सहा किलोमीटर मी सिक व्हॅनमध्ये बसून आलो होतो. टाचेला फोड आले होते हे खरे, पण फोड इतरांनाही आले होते. त्यामुळे मी लगेच नाव लिहिले नाही. विचार करून सांगतो असे म्हणालो आणि विचार करण्याऐवजी पुस्तक वाचत बसलो. ते पुस्तक आजीने पेणहून पाठवलेल्या पार्सलमध्ये चकल्यांच्या डब्याखाली होते. आमच्या बॅचमध्ये मराठी बोलणारे आम्ही तिघेच, त्यामुळे आजीची पुस्तके तिघांत फिरतात आणि चकल्या मात्र तीसजणांत संपतात. पुस्तक विनोबा भावे यांच्याविषयीचे होते. आजीने ते पाठवण्याचे कारण साधे होते. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातला आहे आणि आपल्या तालुक्याचा अभिमान असावा असे तिला वाटते.

विनोबांचे खरे नाव विनायक नरहरी भावे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. वडील नोकरीसाठी बडोद्याला होते. गावी आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या हाताखाली विनायक वाढला. घरच्या झाडाचा फणस काढला की आई गरे आधी शेजारच्या घरांत वाटायला लावी आणि मग घरच्या मुलांना देई. मोठेपणी लाखो लोकांकडे जमीन मागणाऱ्या या माणसाने देण्याचा पहिला धडा फणसाच्या गऱ्यांवर गिरवला होता. आई फारशी शिकलेली नव्हती. तिला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि मराठीतले अनुवाद अवघड वाटत. ही गोष्ट विनायकाच्या मनात राहिली. पुढे आई गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी सोप्या मराठीत गीता लिहिली, तीच गीताई.

पुढे कुटुंब बडोद्याला गेले. शाळेत विनायकाचे गणित उत्तम होते. दुसरा नाद चालण्याचा. मित्रांना घेऊन तो मैलोन्मैल भटकत असे आणि तेही अनवाणी. त्या वयात त्याला दोन ठिकाणी जायची ओढ होती, एक हिमालय आणि दुसरे बंगाल. हिमालयात ज्ञान होते आणि बंगालमध्ये क्रांतिकारक होते.

१९१६ साली इंटरची परीक्षा देण्यासाठी त्याला मुंबईला पाठवण्यात आले. त्याआधी आई स्वयंपाक करत असताना त्याने आपली सगळी प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. मुंबईची गाडी सुरतला थांबली तेव्हा विनायक उतरला, घरी पत्र टाकले आणि उलट्या दिशेने काशीला निघून गेला. (हे वाचून आमच्या वर्गातल्या एकाला फार स्फूर्ती आली. बोर्डाच्या परीक्षेला सहा महिने राहिले असल्याने त्याला पुढचे प्रकरण वाचायला दिले नाही.) काशीला तो संस्कृत शिकू लागला. तिथेच त्याने गांधीजींच्या त्या भाषणाचा वृत्तांत वाचला, जे त्यांनी फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात राजेमहाराजांसमोर केले होते. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात दोघांची भेट झाली. हिमालय आणि बंगाल दोन्ही मागे पडले. विनोबा हे नावही आश्रमातले.

पुढच्या वर्षी त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ शास्त्रे शिकले, तब्येत सुधारली आणि मग महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी फिरले. रजा संपण्याच्या दिवशी ते ठरलेल्या वेळेला आश्रमाच्या दारात हजर होते. रविवारच्या आऊटपासवरून साडेसहाऐवजी पावणेसातला परतणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे, असे आमच्या ड्रिल उस्तादांना ही गोष्ट सांगितल्यावर त्यांचे मत पडले.

१९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवले. पुढची तीस वर्षे त्यांचे ठिकाण वर्धा आणि त्याच्या आसपास राहिले. सूतकताई, शिक्षण, सफाई, अनेकदा तुरुंग. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातून गीता प्रवचने हे पुस्तक झाले. त्यांच्या आश्रमातले एक सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. त्या काळी कुष्ठरोग्याजवळ उभे राहायलाही लोक घाबरत. ही माहिती मी आमच्या संघातल्या पाच जणांना सांगितली, तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की मग सहावे नाव कधी लिहिणार.

१९३८ च्या सुमारास विनोबांची प्रकृती फारच खालावली. त्यांचे वजन जेमतेम ४० किलो उरले होते. गांधीजींनी हवापालटासाठी आग्रह केला म्हणून ते वर्ध्यापासून काही मैलांवर धाम नदीकाठी पवनारला गेले. तिथे त्यांची तब्येत सुधारली आणि पवनार हेच त्यांचे घर झाले.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला तेव्हा पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. दुसरे पंडित नेहरू होते. भारताला न विचारता दुसऱ्या महायुद्धात ओढले गेले होते आणि विनोबा गावोगाव युद्धाच्या विरोधात बोलत होते. ते कोणत्याही शस्त्राच्या विरोधात होते. म्हणजे सैनिकी शाळेच्या मासिकात ज्यांच्याविषयी लिहावे अशांत त्यांचे नाव सहज येणार नाही. मला एनडीएला जायचे आहे. विनोबांनी मला त्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला असता आणि मी बहुतेक ऐकले नसते. तरीही पुढचे वाचताना मला राहून राहून वाटत होते की इतकी लांब आणि इतकी शिस्तीची कूच फार थोड्या पलटणींनी केली असेल.

१९५१ उजाडले तेव्हा विनोबा ५५ वर्षांचे होते. पोटात अल्सर होता. दूध आणि दही यांखेरीज फारसे काही पचत नव्हते. गांधीजींना जाऊन तीन वर्षे झाली होती. पवनारला त्यांचा एक प्रयोग चालला होता. आश्रमाने पैसा वापरायचा नाही, दान घ्यायचे नाही, स्वतः पिकवायचे आणि त्यावरच जगायचे. तरुण सहकारी त्यांच्याबरोबर विहीर खोदत आणि शेतात राबत होते. प्रयोग नीट बसेपर्यंत पवनार सोडायचे नाही असे त्यांनी जवळजवळ ठरवले होते.

एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरणार होते. विनोबांनी येणार नाही असे कळवले. शंकरराव देव त्यांना समजवायला आले. तुम्ही येणार नसाल तर संमेलन भरवण्यात अर्थ नाही, असा त्यांचा सूर होता. विनोबांनी विचार केला आणि होकार दिला, पण चालत येईन असे सांगितले.

मला या निर्णयापाशी थांबावेसे वाटले. वर्ध्याहून हैदराबादला रेल्वे जाते आणि एका रात्रीत पोचवते. अंतर सुमारे ३०० मैल, म्हणजे ४८० किलोमीटर. ५५ वर्षांचा, अल्सरचा माणूस मार्च-एप्रिलच्या उन्हात विदर्भातून तेलंगणात चालत जाणार, आणि तेही एका सभेसाठी! पण त्यांच्या बाजूने पाहिले तर ते सरळ होते. पैसा न वापरण्याचा प्रयोग चालू असताना तिकीट काढायचे कसे, हा एक भाग. शिवाय रेल्वेतून गावे दिसत नाहीत. स्वातंत्र्याला चार वर्षेही झाली नव्हती आणि गावांत काय चालले आहे ते त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. यात भूदान कुठेच नव्हते. भूदान हा शब्दही त्यांच्या मनात नव्हता. एक मोठे काम करायचे ठरवून ते निघाले असे आपण समजतो, पण ते निघाले संमेलनाला.

७ मार्च १९५१ रोजी त्यांनी पवनार सोडले. बरोबर थोडे सहकारी होते. रोज एका गावी मुक्काम, लोकांशी बोलणे, संध्याकाळी प्रार्थना आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे. महिनाभराने ते शिवरामपल्लीला पोचले आणि संमेलन पार पडले.

आता परत जायचे होते. इथे दुसरा निर्णय आहे आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा अवघड होता. परतीची वाट त्यांनी तेलंगणातून घेतली. तेलंगणात त्या वेळी काय परिस्थिती होती ते थोडक्यात सांगतो. निजामाच्या राज्यात मोठमोठ्या जमीनदारांकडे हजारो एकर होते आणि राबणाऱ्यांकडे काहीच नव्हते. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शस्त्रे उचलली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली आपली सेना हैदराबादमध्ये गेली, निजामाची सत्ता संपली, हे आम्हाला इतिहासात आहे. त्याच्यापुढचे धड्यात नाही. जंगलातला लढा त्यानंतरही तीन वर्षे चालू राहिला. गावकऱ्यांना दिवसा पोलिसांची भीती आणि रात्री सशस्त्र टोळ्यांची. अशा मुलखात विनोबा पायी जायला निघाले. निघण्याआधी त्यांनी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, ते चालू लागले.

१८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीला पोचले. गावात निम्म्याहून अधिक घरांकडे जमीन नव्हती. विनोबा आधी हरिजनवाड्यात गेले. तिथल्या ४० कुटुंबांनी सांगितले की काम मिळत नाही, आम्हाला थोडी जमीन मिळाली तर कसून खाऊ. किती हवी असे विचारल्यावर त्यांनी हिशेब करून ८० एकर सांगितली. अर्धी भिजणारी आणि अर्धी कोरडवाहू. विनोबांनी सरकारकडे अर्ज पाठवायचे कबूल केले. पण सरकारकडून जमीन यायला किती दिवस लागतील, हे त्यांना माहीत होते. म्हणून जमलेल्या गावकऱ्यांकडे वळून त्यांनी विचारले की सरकारला उशीर झाला तर गावातले कुणी काही करू शकेल का. वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली. मागितली होती ८०.

त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. मी हे वाचले तेव्हा मला वाटले आनंदामुळे असेल. तसे नव्हते. ते गणित मांडत होते. देशात किती भूमिहीन, किती जमीन, एका माणसाने दिले ते सगळे देतील का, आणि उद्याच्या गावात मी मागितले आणि कुणीच दिले नाही तर काय. मागायचे की नाही हे त्यांना सकाळपर्यंत ठरवायचे होते. पोचमपल्लीची गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता आली असती आणि कुणी त्यांना नावही ठेवले नसते.

दुसऱ्या दिवशीच्या गावात त्यांनी मागितले आणि तिथेही जमीन मिळाली. मग ते मागतच गेले. तेलंगणात ५१ दिवसांत सुमारे २०० गावांतून १२ हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली.

जूनअखेर विनोबा पवनारला परतले. त्यानंतर पंडित नेहरूंनी नियोजन मंडळाशी चर्चेसाठी त्यांना दिल्लीला बोलावले. त्यांनी कळवले की येतो, पण माझ्या वेळेने. १२ सप्टेंबर १९५१ रोजी, आपल्या ५६ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ते पुन्हा पायीच निघाले. तेलंगणात कम्युनिस्टांच्या धाकाने जमिनी मिळाल्या, शांत मुलखात कोण देणार, असे लोक म्हणत होते. दिल्लीपर्यंतच्या दोन महिन्यांत तेलंगणापेक्षा जास्त जमीन मिळाली. याच वाटेवर त्यांचा हिशेब पक्का झाला. देशात लागवडीची जमीन ३० कोटी एकर धरली तर तिचा सहावा हिस्सा ५ कोटी एकर. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी असे. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पवनारहून निघालेला हा माणूस पुन्हा पवनारला पोचला तो १० एप्रिल १९६४ रोजी. साडेबारा वर्षांहून जास्त काळ गेला होता.

या वर्षांतला दिनक्रम मी वहीत उतरवून घेतला आहे. पहाटे तीनला उठणे, प्रार्थना, चारच्या सुमारास कंदिलाच्या उजेडात कूच. रोज दहा-बारा मैल, कधी जास्त. विनोबांचा चालण्याचा वेग असा की बरोबरचे तरुण मागे पडत. पुढच्या गावी काही कार्यकर्ते आधीच जाऊन मुक्कामाची आणि सभेची व्यवस्था करत, म्हणजे ज्याला आपण ॲडव्हान्स पार्टी म्हणतो ती. दुपारी भेटी, पत्रे, अभ्यास. ते ज्या प्रांतात जात तिथली भाषा शिकत. संध्याकाळी प्रार्थनासभा आणि दानपत्रे. दामोदरदास मुंदडा, महादेवीताई, पुढे निर्मला देशपांडे असे सहकारी वर्षानुवर्षे बरोबर होते. पाहुणे आठवडाभर चालून परत जात. पाऊस असो की थंडी, ठरलेल्या गावी ठरलेल्या दिवशी पोचायचे हा नियम. गावकरी वाट पाहत असतात, हे त्याचे कारण.

सगळे सुरळीत झाले असे मुळीच नाही. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमध्ये चांडिल येथे त्यांना गंभीर मलेरिया झाला. औषध घ्यायला ते तयार नव्हते. फार लोकांनी गळ घातल्यावर शेवटी घेतले. (हा हट्ट मला पटला नाही. संघाच्या नेत्याने आजारी पडून सगळ्यांना टांगणीला लावू नये.) सप्टेंबर १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांना बरोबर घेऊन जात असताना पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. कानाला मार बसला आणि पुढे ऐकू कमी येऊ लागले. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये असे त्यांनी सांगितले आणि यात्रा पुढे गेली. उत्तर प्रदेशातले मंगरोठ हे सगळे गाव १९५२ मध्ये दान झाले आणि भूदानाचे ग्रामदान झाले. १९५४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी बोधगयेला आपले आयुष्य या कामाला दिले. ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक असे करत १९५८ मध्ये विनोबा महाराष्ट्रात आले. पंढरपूरला त्यांनी वेगवेगळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह विठोबाचे दर्शन घेतले. त्याच वर्षी त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला त्याच वर्षी.

१९५९ च्या पावसाळ्यात ते पीर पंजाल ओलांडून काश्मीर खोऱ्यात उतरले. वाट १३ हजार फुटांच्या वर जाणारी होती आणि खाली पावसाने काही दिवस अडवून ठेवले होते. वय ६३. आमच्या शाळेतून गेल्या उन्हाळ्यात जो ट्रेक गेला तो याच्या निम्म्या उंचीवरून परत आला होता, त्यात मीही होतो.

काश्मीरमध्ये असतानाच त्यांना नैनीच्या तुरुंगातून एक पत्र आले. लिहिणारा तहसीलदार सिंह हा चंबळच्या मानसिंह डाकूचा मुलगा होता आणि त्याला फाशीची शिक्षा झाली होती. मरण्याआधी एकदा भेटावे, अशी त्याची विनंती होती. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथ सिंह यांना त्याच्याकडे पाठवले. पुढे मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात शिरले तेव्हा हेच जनरल शस्त्र न घेता बेहडांत जाऊन टोळ्यांना भेटत होते. बेहड म्हणजे नदीने कोरलेल्या मातीच्या घळींचे जाळे. तिथे पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. आयुष्य सैन्यात घालवलेला एक जनरल आणि शस्त्राला हात न लावणारा एक संन्यासी यांनी मिळून हे काम केले. वीस डाकूंनी दुर्बिणी लावलेल्या बंदुका विनोबांपुढे आणून ठेवल्या आणि तुरुंगात जाणे पत्करले. पोलिस खात्यात अनेकांना हे आवडले नाही. गुन्हेगारांचा गौरव होतो अशी त्यांची तक्रार होती, आणि ज्यांचे शिपाई त्या खोऱ्यात मारले गेले होते त्यांना तसे वाटणे साहजिक होते. आमच्या संघात या प्रसंगावर लाइट्स आऊटनंतर बराच वाद झाला. दोघांचे वडील पोलिसात आहेत.

१९६२ च्या सप्टेंबरमध्ये आसामहून बंगालकडे येताना ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून १६ दिवस चालत आले. तिथेही त्यांनी जमीन मागितली आणि तिथेही ती मिळाली.

एकूण किती मिळाली? ४० लाख एकरांहून अधिक. ५ कोटींचे लक्ष्य होते, त्याच्या दहाव्या हिश्शालाही ती पोचत नाही. आणि मिळाली म्हणजे कागदावर मिळाली. बरीचशी जमीन खडकाळ किंवा नापीक निघाली. काहींनी भांडणातली जमीन देऊन टाकली, काहींनी दानपत्र लिहिले आणि ताबा दिला नाही. वाटपाचे काम दान घेण्यापेक्षा कितीतरी किचकट. सात-बारा, मोजणी, कोर्टकचेऱ्या हे सगळे त्यात आले आणि त्यासाठी माणसे कमी पडली. यात्रा पुढे जाई आणि मागे कागद राहत. विनोबांवर ही टीका त्यांच्या हयातीतच झाली. माझ्या आजोबांचेही मत असेच आहे. ते तलाठी होते आणि या विषयावर आजीशी त्यांचे कधी जमले नाही. पण ज्या लाखो एकरांचे वाटप झाले, त्यावर भूमिहीनांनी पिके घेतली हेही तितकेच खरे आहे. 

पवनारला परतल्यावर १९६५ मध्ये ते पुन्हा बिहारमध्ये गेले, या वेळी मोटारीतून. तब्येत चालू देत नव्हती. १९७० पासून ते पवनारलाच राहिले. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवर खूप वाद झाला, आणि जयप्रकाशांसारखे जुने सोबती तेव्हा दुसऱ्या बाजूला होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे बंद केले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न देण्यात आले.

पुस्तक संपले तेव्हा कागद बोर्डावर तसाच होता आणि सहावी ओळ रिकामी होती. पाच जणांपैकी एकाने दुसऱ्या हाऊसमधल्या मुलाला विचारून ठेवले होते, हे मला नंतर कळले. मी हाऊस मास्तरांकडे गेलो आणि रूट मार्चची गोष्ट आपणहून सांगितली. त्यांना ती माहीत होती. त्यांनी विचारले की दिवाळीपर्यंत रोज पहाटे किती चालणार. मी सहा किलोमीटर म्हणालो, कारण तेवढेच मी गाडीतून आलो होतो. त्यांनी आठ सांगितले आणि स्वतःचे पेन दिले.

सध्या आम्ही सहा जण पीटीच्या आधी पावणेपाचला निघतो. मेसचे कुक भैया आदल्या रात्री गूळ-चणे काढून ठेवतात. दुकानदारांकडे निधी मागायला जायचे काम मराठी आणि हिंदी दोन्ही येतात म्हणून माझ्याकडे आले आहे. पहिल्या दुकानात मी वीस मिनिटे बाहेरच उभा होतो. हा अंक घरी पोचेल तेव्हा आम्ही तिसऱ्या मुक्कामावर असू. पालकांनी कृपया निधीचे पाकीट हाऊस मास्तरांच्या नावे पाठवावे आणि चकल्या वेगळ्या पार्सलने.